पाटावरचा हत्ती, परातीतला किल्ला

शरद ऋतूची वर्णनं वाचून भर दुपारी लहान मुलाला बागेत नेणारी आई अर्ध्या तासात घरी परतते, तीही मुलाला कडेवर घेऊन. आश्विनातलं चांदणं खरं, निरभ्र आकाशही खरं. पण त्याच निरभ्र आकाशातून ‘ऑक्टोबर हीट’ खाली उतरते. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी पाऊस महाराष्ट्रातून माघार घेतो. ढग जातात, पण जमिनीत चार महिन्यांचं पाणी मुरलेलं असतं. ऊन थेट पडतं, जमिनीतून वाफ उठते आणि अंग चिकचिकतं. रात्री मात्र, निदान देशावर, हळूहळू गार पडू लागतात. थोडक्यात, या दिवसांत मुलांना बाहेर काढायला दोनच वेळा मिळतात: सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. भोंडला संध्याकाळी, कोजागरी रात्री, नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान पहाटे. जुन्या लोकांनी भर दुपारी फारसं काही ठेवलं नाही, ते उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट आयांची. हल्ली लहान मुलांसाठी म्हणून जे काही निघतं, त्यात मूल आत काचेच्या दारापलीकडे रंगांत हात बुडवत असतं आणि आई बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत ताटकळत असते. शेजारच्या बाकड्यावर तशीच दुसरी आई. दोघींची महिनोन्‌महिने नुसती हसण्यापुरती ओळख. भोंडल्याचं नेमकं उलटं आहे. तो मुळात बायका-मुलींचा खेळ. पोरं पदराला धरून आली आणि रिंगणात शिरली. मुलासाठी म्हणून जिथे आईला जावं लागतं तिथे तिचा जीव रमत नाही, आणि आई कंटाळली की पोराला ते लगेच कळतं. म्हणून या प्रकरणातले खेळ निवडताना पहिला प्रश्न ‘मूल काय शिकेल’ हा ठेवलेला नाही. मैत्रिणींना धड गप्पा मारता येतील का, हा ठेवला आहे.

भोंडल्याला लागतं फार थोडं. एक पाट, त्यावर खडूनं किंवा रांगोळीनं काढलेला हत्ती, त्याला हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं आणि फेर धरता येईल एवढी मोकळी जागा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या दोन गाड्या तासभर हलवल्या तरी पुरतं. दोन-तीन वर्षांची मुलं असतील तर रांगोळीचा हत्ती पहिल्याच गाण्यात पुसला जाणार, हे धरून चालावं. त्यापेक्षा पाटावर खडूनं बाहेरची रेघ काढावी आणि आतला हत्ती मुलांकडून धान्यानं भरून घ्यावा. अंगाला तांदूळ, कानाला मसूर, सोंडेला गहू. अर्धा तास मुलं गुंततात आणि तेवढ्यात आयांचा पहिला चहा होतो. एकीनं मात्र तिथे बसून राहावं. मसुराचा दाणा नाकात घालून बघणारं एक तरी मूल प्रत्येक घोळक्यात असतंच.

हत्ती का, असं मुलं विचारतात. तो हस्त नक्षत्राचा हत्ती. सूर्य हस्तात जातो तो २७ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे पावसाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. गडगडत येणारा हा परतीचा पाऊस रब्बीच्या पेरणीला ओल देऊन जातो. पश्चिम महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे, याच खेळाला हादगा म्हणतात. तिथे हत्तींचं चित्र भिंतीवर लावून त्याला फुलाफळांच्या माळा घालायची रीत आहे. विदर्भ-खानदेशात हत्तीऐवजी भुलाबाई येते. भुलाबाई आणि भुलोबा म्हणजे पार्वती आणि शंकर, मातीच्या मूर्ती. भाद्रपद पौर्णिमेला त्या बसतात आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे चांगला महिनाभर, मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात, बऱ्याच ठिकाणी टिपऱ्या घेऊन.

तारखांची गंमत आहे. नक्षत्रावर चालणारा हादगा सूर्याला बांधलेला, म्हणून तो दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतो. भोंडला बऱ्याच घरी घटस्थापनेपासून धरतात, म्हणजे तो चंद्राच्या तिथीवर चालतो आणि पुढेमागे सरकतो. घटस्थापना २०२३ साली १५ ऑक्टोबरला होती, २०२४ साली ३ ऑक्टोबरला, २०२५ साली २२ सप्टेंबरला. २०२६ साली अधिक मास आल्यामुळे ती पुन्हा ऑक्टोबरच्या ११ तारखेला आली. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यंदा एवढ्या लवकर कसा?’ असा प्रश्न आला की उत्तर इथे आहे. नोकरी करणाऱ्या आयांनी सरळ मधला शनिवार धरावा. हत्तीची काही तक्रार नसते.

जुनी पद्धत सोळा दिवसांची होती. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. खिरापतीही तशाच वाढत जायच्या. सगळी मिळून १३६ खिरापती होतात. हे गणित एका स्वयंपाकघराचं नाही, अख्ख्या आळीचं आहे. ज्या दिवशी जिच्या घरी भोंडला, त्या दिवशी तिच्या शेजारणी मदतीला. आज ते होणार नाही आणि व्हायलाही नको. पण वाटणीचं तत्त्व ठेवण्यासारखं आहे: एकीनं सगळं न करता प्रत्येकीनं एक डबा आणायचा. यजमानीण दमली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलावते.

आता गाणी. लहान मुलांच्या दृष्टीनं बघितलं तर ही गाणी फार हुशारीनं रचलेली आहेत. बरीचशी साखळीची: एका कडव्यात एक वस्तू बदलते, बाकी ओळ तीच राहते. वाचता न येणारं तीन वर्षांचं मूल दुसऱ्या कडव्यापासून सुरात सूर मिसळतं, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. चाल सोपी, ठेका पावलांचा. सुरुवात गणपतीनं करायची आणि मग कोणतंही. मुलांना सगळ्यांत जास्त आवडतं ते वेड्या नवऱ्याचं गाणं. बायको करंज्या करते, हा त्यांना होड्या समजून पाण्यात सोडतो. लाडू करते, तर चेंडू समजून खेळतो. यात घरोघरच्या आया हवे ते पदार्थ घालतात. मुलांना सांगावं, तुम्ही घाला. नूडल्सना तो काय समजेल? पिझ्झ्याला? एका चार वर्षांच्या मुलीनं इडलीला चंद्र ठरवून ती थेट आकाशात चिकटवून टाकली होती, आणि मग ते गाणं काही संपेना.

काही आयांना या गाण्यांतली सासू-नणंद खटकते. माहेरी जायला परवानगी मागणारी सून, तिला कारल्याचा वेल लावण्यासारखी एकेक अट घालून टोलवत राहणारी सासू, हे आजच्या मुलीला कशाला ऐकवायचं? शंका रास्त आहे, पण माझं मत गावं असंच आहे. लहान वयात लग्न होऊन गेलेल्या मुलींना मोठ्यानं गाऱ्हाणं गायची मुभा या दिवसांत, या रिंगणात मिळायची. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत बायकांच्या ओव्या आणि गाणी गावोगावाहून गोळा करून छापली, ती नुसती करमणूक म्हणून नव्हे. चार वर्षांच्या मुलीला त्यातलं दुःख कळत नाही, तिला कारल्याचा वेल कळतो. दुःख नंतर कळेल, तेव्हा गाणं तोंडपाठ असेल.

आणि मग खिरापत. खरं तर सगळी मुलं इथपर्यंतच धीर धरून असतात. डबा झाकलेला, ओळखल्याशिवाय उघडायचा नाही. ‘गोड की तिखट?’ ‘तळलेलं की भाजलेलं?’ ‘चमच्यानं खायचं की हातानं?’ मोठ्या मुली डबा कानाशी धरून हलवून बघतात: खळखळला तर चिवडा किंवा भडंग, धप्प वाजला तर शिरा, आवाजच नाही तर वाटली डाळ. मुरलेल्या बायका म्हणून आत पंचा गुंडाळतात. पण सगळ्या तयारीवर पाणी पाडायला आपलंच पोर पुरेसं असतं. ‘माझ्या आईनं ढोकळा आणलाय!’ हे तीन वर्षांचं मूल दारातच जाहीर करतं. त्यावर उपाय दोनच. एक तर खिरापत त्याच्यापासूनही लपवावी, नाहीतर त्याला चुकीचं नाव सांगून ठेवावं. दुसरा जास्त मजेचा.

खिरापतीबाबत एकच गोष्ट काटेकोर पाळायची. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम देऊ नयेत, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात. अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेले तर ते तिथे अडकतात, आणि फेर धरून पळणारं, हसणारं मूल हे त्याला सगळ्यांत सोपं गिऱ्हाईक. दाण्याचं कूट चालतं. चिवडा लहानांसाठी वेगळा, दाणे न घालता. तसंच डासांचं. पावसानंतरचे हे आठवडे डेंग्यूचे. तो पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि त्याचा भर पहाटेनंतर व मावळतीच्या आधी असतो, नेमका भोंडल्याच्या मुहूर्ताला. मुलांना लांब बाह्यांचे सुती कपडे घालावेत, आणि पार्किंगमधल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आदल्या दिवशीच उपड्या कराव्यात.

संध्याकाळ भोंडल्याची, तर सकाळची नऊच्या आतली वेळ चालण्यासाठी. साताऱ्याजवळच्या कास पठाराची कीर्ती मोठी; २०१२ साली ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलांच्या हंगामात तिथे आधी नोंदणी करून जावं लागतं. पण दोन वर्षांच्या मुलाला तिथे नेण्यात फारसा अर्थ नाही. त्याला फुलांचं पठार दिसत नाही, पायाजवळचा मुंगळा दिसतो. तोच मुंगळा गावाबाहेरच्या टेकडीवर फुकट आहे. पुण्यात वेताळ टेकडी, नाशिकला पांडवलेणीचा पायथा, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. नाहीतर घरामागचं रिकामं पडलेलं मैदान. दोन-तीन मैत्रिणी, तेवढीच पोरं, पाण्याच्या बाटल्या, आणि कुठेही पोचायचं नाही असं आधीच ठरवून निघावं.

पोचायचं नसलं की दिसायला लागतं. तेरड्याची फुलं सरत आलेली असतात आणि हिरव्या, केसाळ, फुगीर शेंगा धरलेल्या असतात. पिकलेली शेंग दोन बोटांत हलकेच दाबली की फट्‌कन फुटते, तिच्या पाकळ्या आतल्या आत गुंडाळतात आणि बिया उडतात. मूल पहिल्यांदा दचकतं. मग झुडपावर एकही शेंग शिल्लक ठेवत नाही. ठेवूही नये, बी लांब पडावं म्हणून झाडानं केलेलीच ही सोय आहे आणि मुलं तिला हातभार लावतात.

त्याहून मोठी करामत मोज्यांत सापडते. वाळायला लागलेल्या गवतातून चाललं की कुसळं कपड्यांत घुसतात आणि आया वैतागून ती उपटून फेकतात. एखादं फेकू नये. लांब, काळपट, पिळलेल्या शेपटीचं कुसळ ओल्या तळहातावर ठेवून बघावं. पाणी लागताच त्याचा पीळ सुटू लागतो आणि ते हातावर जिवंत असल्यासारखं गोल फिरतं. वाळलं की पीळ परत बसतो. दवानं भिजणं आणि उन्हानं वाळणं, यांवर असं फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत रोवतं. मुलांच्या हातात मात्र देऊ नये. टोक अणकुचीदार असतं आणि मुलाचा हात नंतर डोळ्याला जातोच. आईच्या तळव्यावर, चार-पाच डोकी एकमेकांना लागेपर्यंत वाकून बघणं, हेच ठीक.

याच सुमाराला धोबी पक्षी आलेले असतात. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येणारा हा लहानसा पाहुणा मैदानात, गच्चीवर, अगदी पार्किंगमध्येही तुरुतुरु चालतो आणि सारखी शेपटी खालीवर करतो. ओळखायला दुर्बीण लागत नाही, चार वर्षांच्या मुलालाही त्याची नक्कल करता येते. फुलपाखरांचाही हा हंगाम. काळ्या पंखांवर निळे पट्टे असलेलं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते ब्लू मॉर्मन. २०१५ साली त्याला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं.

दसऱ्याबद्दल थोडक्यात. पाटीवर एकच्या आकड्यांनी सरस्वती काढणं हे नुकतं ‘एक’ गिरवायला लागलेल्या मुलासाठी फार छान काम आहे; ते सोडू नये. आपट्याची पानं ओरबाडून वाटणं मात्र सोडावं. बाजारातल्या ढिगात कांचनाचीही पानं बेमालूम मिसळलेली असतात. मुलांना फरक शोधायला लावावा: आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं बरंच मोठं. दोन्ही एकाच कुळातली, म्हणून दोन्ही टोकाशी दुभंगलेली. एक पान ओळखून वहीत ठेवलं की सोनं लुटून झालं.

कोजागरीला लहान मुलं झोपून जातात, अशी आयांची नेहमीची तक्रार. दूध आटतं रात्री बाराला, मुलाची आठलाच मान पडते. पण पौर्णिमेचा चंद्र उगवतो तोच मुळी सूर्यास्ताच्या सुमारास. पश्चिमेला सूर्य टेकत असताना पूर्वेला हा तांबूस गोळा वर येतो, आणि ते बघायला मध्यरात्रीपर्यंत थांबायची काही गरज नाही. सहा वाजता गच्चीवर चटया टाकाव्यात. क्षितिजावरचा चंद्र केवढा मोठा दिसतो! वर आल्यावर लहान होतो का? कागदाची नळी करून मुलांना दोन्ही वेळा त्यातून बघायला लावावं: नळीतून दोन्ही वेळा तेवढाच. मोठेपणा डोळ्यांचा भ्रम असतो, आणि तो का होतो यावर शास्त्रज्ञांतही पूर्ण एकमत नाही, म्हणून उत्तर द्यायची काळजी नको. साधी दुर्बीण असेल तर चंद्रावरचा ससा दाखवावा. ते काळे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं.

दूध मुलांसाठी वेगळं, कोमट, बदाम-पिस्ते बारीक दळून. साडेसातला त्यांचं चंद्रबिंब बघून, पिऊन होतं आणि नऊपर्यंत ती चटईवरच आडवी होतात. मग आयांची खरी कोजागरी सुरू होते. या दिवशी घरातल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. धाकटं तिथेच असेल तर भोकाड पसरणार हे ठरलेलं. निरांजन त्याच्याकडेही फिरवावं, शास्त्राला काही होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येतो किल्ला. तो वाड्यांच्या अंगणातून इमारतींच्या कोपऱ्यांत आणि तिथून बाल्कनीत आला. पूर्वी हे दादा लोकांचं राज्य होतं, धाकट्यांना फक्त पाणी आणायला ठेवायचे. आयांनी मिळून करायचा असेल तर माझी शिफारस जलदुर्गाची. डोंगरी किल्ल्याला विटा, पोती, ढीगभर माती लागते. सिंधुदुर्ग एका मोठ्या परातीत मावतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर त्याचं काम सुरू करवलं, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत तो आहे. परातीच्या मधोमध दगड रचून त्यांवर घट्ट मळलेल्या मातीचं बेट, कडेनं नागमोडी तट, आणि भोवती पाणी. पाणी ओतायचं काम सगळ्यांत लहान मुलाचं. तो ते दिवसातून दहा वेळा करील.

किल्ल्यावर हिरवळ हवी तर हळीव. लहान मुलाच्या घरात बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणलेल्या हळिवाची पुडी बहुतेक असतेच. फार जुनं नसेल तर उगवतं. भिजलं की ते बुळबुळीत होऊन उतारावरही चिकटून राहतं, दोन-तीन दिवसांत कोंब काढतं. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरलं तर ऐन दिवाळीत गड हिरवा. पाणी फवाऱ्यानं मारावं, तांब्यानं ओतलं तर तट वाहून जातो. मावळे पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात, इतरत्र दिवाळीआधी रस्त्याकडेला. बुरुजापेक्षा मावळा उंच, तोफेपेक्षा कोंबडा मोठा, आणि महादरवाजाशी पहाऱ्याला प्लॅस्टिकचा डायनासोर. यांतलं काहीही आईनं दुरुस्त करायला जाऊ नये. गोव्यात याच दिवसांत पोरं नरकासुराचे पुतळे करण्यात रात्री जागवतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळून मोकळी होतात. किल्ल्याचं तसं नसतं, तो तुळशीच्या लग्नापर्यंत रेंगाळतो आणि हळीव पिवळं पडून लोळू लागतं. मग मोडायची परवानगी द्यावी, तीही सगळ्या मुलांना एकदम बोलावून. करण्यापेक्षा मोडण्यात त्यांना कमी रस नसतो. माती कुंड्यांत जाते, दगड खाली. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून एकीच्या माळ्यावर. कोणाच्या, ते ग्रुपवर लिहून ठेवावं, नाहीतर पुढच्या आश्विनात पाच घरं धुंडाळावी लागतात.